३ तासांच्या व्हिडिओच्या ४० क्लिप काही मिनिटांत कशा कापतात? गणित समजून घ्या

समजा, तुमच्या गावात व्याख्यानमाला आहे. रात्री १० वाजता कार्यक्रम संपतो. कॅमेऱ्यात ३ तासांचं सलग रेकॉर्डिंग आहे आणि सकाळी लोक मोबाइल हातात घेतील तेव्हा त्यातले ४० मुद्दे, ४० छोट्या क्लिप म्हणून पेजवर दिसायला हव्यात. हाताशी आहे चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप आणि काम करणारा माणूस एक.

नेहमीचा मार्ग सगळ्यांना माहितीय. एडिटिंगचं ॲप उघडा, व्हिडिओ टाका, सुरुवात शोधा, शेवट शोधा, एक्सपोर्ट दाबा आणि थांबा. मग दुसरी क्लिप, मग तिसरी. रात्र यातच जाते. कापायला २ सेकंद लागतात, पण एक्सपोर्टची पट्टी काही केल्या पुढे सरकत नाही.

हेच काम न्यूज चॅनेलचे डिजिटल डेस्क, क्लासवाले आणि पॉडकास्टवाले काही मिनिटांत उरकतात. त्यांच्याकडे प्रत्येक वेळी भारी मशिन असतं असं नाही. बऱ्याचदा त्यामागे एक फुकटचं टूल आणि चार ओळींची स्क्रिप्ट असते.

त्या टूलचं नाव एफएफएमपेग.

आधी हे एफएफएमपेग काय आहे ते बघू

फ्रान्सचा प्रोग्रॅमर फॅब्रिस बेलार्ड याने २००० साली हा प्रकल्प सुरू केला. नावातलं ‘एफएफ’ म्हणजे फास्ट फॉरवर्ड आणि ‘एमपेग’ हे व्हिडिओची मानकं ठरवणाऱ्या गटाचं नाव. सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे आणि वापरायला पैसे लागत नाहीत.

तुम्ही हे नाव ऐकलं नसेल, पण त्याचं काम नक्की वापरलंय. व्हीएलसी प्लेअर, ओबीएस, हँडब्रेक, ब्लेंडर या सगळ्यांच्या पोटात एफएफएमपेगचा कोड आहे. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरने उतरतानाचं जे चित्रण केलं, त्या कॅमेरा यंत्रणेतही एफएफएमपेग होतं.

फक्त याला बटणं नाहीत. टाइमलाइन नाही, प्रिव्ह्यू नाही. विंडोजवर पॉवरशेल किंवा मॅक-लिनक्सवर टर्मिनल उघडायचं, त्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. बरेच जण इथेच माघार घेतात. पण वेगाचं रहस्य त्या खिडकीत नाहीच. ते व्हिडिओच्या फाइलमध्ये आहे.

एक्सपोर्टला एवढा वेळ का लागतो?

फुल एचडी चित्राची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले तर एका फ्रेमला ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला २५ फ्रेम, तासाला ९० हजार फ्रेम. असं सगळं जसंच्या तसं साठवलं तर एका तासाच्या व्हिडिओला सुमारे ५६० जीबी जागा लागेल.

प्रत्यक्षात तुमची ३ तासांची फाइल साधारण १० ते ११ जीबीची असते. कारण व्हिडिओ दाबून साठवलेला असतो. आणि तो कसा दाबतात हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. पहिल्या ओळीत पूर्ण नाव, पत्ता, मालाचा तपशील असतो. खालच्या ओळींत नुसतं ‘वरीलप्रमाणे’ आणि जेवढा बदल झाला तेवढाच आकडा. जागा वाचते, शाई वाचते. व्हिडिओची फाइलही अशीच लिहिलेली असते. काही फ्रेम पूर्ण चित्र म्हणून साठवतात. त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधल्या सगळ्या फ्रेम म्हणजे ‘वरीलप्रमाणे, फक्त वक्त्याचा हात एवढा हलला’ अशा नोंदी. काही नोंदी तर पुढच्या फ्रेमकडे बघूनही लिहिलेल्या असतात.

आता या वहीतलं एक पान मधूनच फाडलं तर काय होईल? पहिल्याच ओळीत ‘वरीलप्रमाणे’ लिहिलंय, पण वर काहीच नाही. चित्र उभंच राहणार नाही.

म्हणून एडिटिंग ॲप दरवेळी सुरक्षित मार्ग निवडतं. ते हव्या त्या भागातली प्रत्येक फ्रेम उलगडून पूर्ण चित्र बनवतं आणि मग सगळं नव्याने दाबून लिहितं. याला री-एनकोडिंग म्हणतात. तुमचा वेळ जातो तो इथे. लॅपटॉपचा पंखा गरगरतो तोही यामुळेच.

यात आणखी एक नुकसान आहे. दाबताना दरवेळी चित्राचा थोडा तपशील कायमचा जातो. फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारखं. एकदा तुमच्या लॅपटॉपवर, मग यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम अपलोडनंतर परत दाबतात तेव्हा. ज्या क्लिपमध्ये काहीच बदललं नाही, फक्त कापलंय, तिथे हा तोटा विनाकारण झालेला असतो.

मग शॉर्टकट काय?

शॉर्टकट असा की वही फाडायचीच असेल तर पूर्ण नोंद असलेल्या ओळीपासून फाडा. म्हणजे की-फ्रेमपासून. मग काही उलगडावं लागत नाही आणि नव्याने दाबावंही लागत नाही. फाइलचा तेवढा तुकडा उचलायचा आणि नव्या फाइलमध्ये ठेवायचा. याला स्ट्रीम कॉपी म्हणतात.

फोनवर मित्राला सांगावी तशी ती ओळ सांगतो. आधी एफएफएमपेग. मग हायफन एसएस आणि सुरुवातीची वेळ. मग हायफन आय आणि मूळ फाइलचं नाव. मग हायफन टी आणि क्लिपची लांबी. मग हायफन सी आणि पुढे कॉपी हा शब्द. शेवटी नव्या फाइलचं नाव. प्रत्येक दोन गोष्टींमध्ये एक जागा सोडायची, पण हायफन आणि त्याचं अक्षर जोडूनच. अक्षरं सगळी इंग्रजी आणि लहान लिपीतली. वेळ तास, मिनिट, सेकंद अशी, मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके.

यातला ‘हायफन सी कॉपी’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तो सांगतो की चित्राला आणि आवाजाला हात लावू नकोस, फक्त उचलून ठेव.

आता हिशोब करू. ८ एमबीपीएसच्या व्हिडिओत एक मिनिट म्हणजे ६० एमबी. ४० मिनिटांच्या क्लिप म्हणजे २.४ जीबी. पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर तेवढा डेटा कॉपी करायला जो वेळ लागतो, त्याच हिशोबात हे काम होतं. प्रोसेसर जवळपास रिकामाच बसतो, सगळी मदार डिस्कच्या वेगावर. म्हणून मूळ फाइल मेमरी कार्डवरून आधी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घ्या आणि मगच कापायला बसा.

याची किंमत काय मोजायची?

किंमत म्हणजे अचूकता. तुम्ही १२ मिनिटं ३७ सेकंदांपासून क्लिप मागितली, पण की-फ्रेम १२ मिनिटं ३१ सेकंदांवर आहे. मग तुकडा ३१ पासूनच उचलला जातो. एमपी४ फाइलमध्ये ‘आधीचे ६ सेकंद दाखवू नकोस’ अशी सूचना लिहिता येते. पण काही प्लेअर आणि ॲप ती पाळतात, काही पाळत नाहीत. त्यामुळे कधी सुरुवातीला जास्तीचे सेकंद दिसतात, तर कधी आवाज सुरू होतो आणि चित्र क्षणभर गोठलेलं राहतं.

हा फरक किती मोठा असेल ते की-फ्रेममधल्या अंतरावर ठरतं. एच.२६४ बनवणारं एक्स२६४ हे एनकोडर काही सांगितलं नाही तर जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर एक की-फ्रेम ठेवतं. म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत १० सेकंद. यूट्यूब लाइव्हसाठी मात्र दर २ सेकंदांना एक की-फ्रेम ठेवा, ४ सेकंदांच्या पुढे जाऊ नका, असं यूट्यूबच सांगतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. रेकॉर्डिंग तुमच्याच हातात असेल तर ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये की-फ्रेम इंटर्व्हल २ सेकंद ठेवा. फाइल थोडी मोठी होईल, पण नंतर कॉपी पद्धतीने कापताना चूक जास्तीत जास्त २ सेकंदांची राहील. व्याख्यानाच्या क्लिपला वक्त्याच्या वाक्याआधी २ सेकंद जास्तीचे गेले तर कुणाचं काही बिघडत नाही.

एसएस आधी की नंतर? इथे कित्येक तास वाचतात

कधीकधी री-एनकोड करावंच लागतं. आडव्या व्हिडिओची उभी रील करायची असेल, सबटायटल जाळायचं असेल, लोगो टाकायचा असेल किंवा फ्रेम न् फ्रेम अचूक काप हवा असेल तर चित्र उलगडण्याला पर्याय नाही. पण तिथेही लोक एका छोट्या गोष्टीत फसतात. सुरुवातीची वेळ फाइलच्या नावाआधी लिहायची की नंतर?

नंतर लिहिली तर एफएफएमपेग व्हिडिओ अगदी पहिल्या सेकंदापासून उलगडत येतं आणि तुमची वेळ येईपर्यंतची सगळी चित्रं फेकून देतं. आधी लिहिली तर ते थेट जवळच्या की-फ्रेमवर उडी मारतं, तिथून थोडंसं उलगडतं आणि अचूक जागेपासून सुरुवात करतं.

३ तासांत सारख्या अंतरावर पसरलेल्या ४० क्लिप धरा. नंतर लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येक क्लिपसाठी सरासरी दीड तासाचा व्हिडिओ नुसता पोहोचण्यासाठी उलगडावा लागतो. ४० गुणिले दीड म्हणजे ६० तासांचा व्हिडिओ. मशिन १० पट वेगाने उलगडत असेल तरी ६ तास वाया. आधी लिहिली तर मिनिटभराची क्लिप आणि फार तर मागचे १० सेकंद. ४० क्लिप मिळून ४७ मिनिटांच्या आत. उत्तर दोन्हीकडे तेच येतं. फरक फक्त दोन शब्दांच्या जागेचा.

यातच आणखी एक खाच आहे. लांबीऐवजी शेवटची वेळ द्यायची असेल तर ‘हायफन टीओ’ असतं. पण सुरुवातीची वेळ फाइलआधी आणि शेवटची वेळ फाइलनंतर लिहिली तर हिशोब नव्याने शून्यापासून सुरू होतो आणि क्लिप भलतीच लांब निघते. दोन्ही वेळा फाइलआधी लिहा, नाहीतर सरळ लांबी द्या.

आता स्क्रिप्टचं काम

एक क्लिप झाली. ४० वेळा तीच ओळ टाइप करणार का? नाही. इथे स्क्रिप्ट येते.

एक्सेलमध्ये तीन रकाने करा. सुरुवात, लांबी, फाइलचं नाव. कार्यक्रम चालू असतानाच कुणीतरी घड्याळ बघून नोंदी करत गेलं तर अर्धं काम तिथेच संपतं. ही यादी सीएसव्ही म्हणून सेव्ह करा. मॅक-लिनक्सवर बॅश आणि विंडोजवर पॉवरशेलची स्क्रिप्ट एवढंच करते: यादीतली एक ओळ वाच, तीन रकाने वेगळे कर, वरच्या कमांडमध्ये बसव, चालव, पुढच्या ओळीवर जा. तुम्ही चहा प्यायला जा.

स्क्रिप्ट बहुतेक वेळा अडकते ती या पाच ठिकाणी.

१. बॅशमध्ये यादी ओळीओळीने वाचत असाल तर एफएफएमपेगला ‘हायफन नोएसटीडीइन’ हा पर्याय द्या. एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डकडे कान लावून बसतं आणि कीबोर्ड समजून तुमची यादीच गिळतं. मग पहिली क्लिप होते आणि पुढच्या ओळी अर्धवट वाचल्या जातात किंवा गायबच होतात.

२. वेळ इंग्रजी आकड्यांत लिहा. या लेखात आकडे मराठीत आहेत, पण मराठी कीबोर्डवरून यादी केली तर कमांडला ते आकडे कळत नाहीत.

३. फाइलच्या नावात जागा असेल तर नाव अवतरणचिन्हात ठेवा. नाहीतर ‘भाषण भाग १’ या नावाचे तीन तुकडे होतात. नावं इंग्रजी अक्षरांत आणि जागा न सोडता ठेवली तर कटकट आणखी कमी.

४. विंडोजच्या एक्सेलमध्ये केलेली यादी मॅक किंवा लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर राहतं आणि ते फाइलच्या नावाला चिकटतं. ओळींचे शेवट आधी लिनक्सच्या पद्धतीचे करून घ्या.

५. ‘हायफन वाय’ म्हणजे जुनी फाइल असली तरी न विचारता पुसून लिही. ‘हायफन एन’ म्हणजे असली तर सोडून दे. स्क्रिप्टमध्ये ‘एन’ वापरा. मध्येच लाइट गेली तर शेवटची अर्धवट फाइल तेवढी काढून टाका आणि स्क्रिप्ट परत चालवा. झालेल्या क्लिप तशाच राहतील. आणि मूळ रेकॉर्डिंग ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथे नव्या फाइल लिहूच नका.

री-एनकोड करायचंच असेल तर

तिथेही वेळ वाचवता येतो. एक्स२६४ मध्ये अल्ट्राफास्टपासून व्हेरीस्लोपर्यंत प्रीसेट असतात. मूळ सेटिंग मीडियम. व्हेरीफास्ट निवडलं तर काम लवकर होतं, फाइल थोडी मोठी येते. दर्जा सीआरएफ या आकड्याने ठरतो. मूळ आकडा २३, आकडा कमी केला की दर्जा वाढतो. सोशल मीडियावर फाइल पुन्हा दाबली जाणारच आहे, त्यामुळे २० च्या आसपास ठेवून वेगवान प्रीसेट घेणं हा चांगला सौदा आहे.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, इंटेलचं क्विक सिंक किंवा ॲपलचं व्हिडिओ टूलबॉक्स असेल तर एनकोडिंग त्या खास चिपवर टाकता येतं. प्रोसेसर मोकळा राहतो. मात्र वेग वाढावा म्हणून एका वेळी १० स्क्रिप्ट सुरू करू नका. एक्स२६४ एकटंच प्रोसेसरचे सगळे कोअर वापरतं. १० जणांना एकाच दारातून ढकलल्यासारखं होतं.

दोन्ही पद्धती एकत्र वापरणं सगळ्यात शहाणपणाचं. आधी कॉपी पद्धतीने दोन्ही बाजूंना १० सेकंद जास्त ठेवून ४० कच्च्या क्लिप काढा. त्या बघा. त्यातल्या ज्या खरंच टाकायच्या त्या ८-१० क्लिपच अचूक कापा, उभ्या करा, सबटायटल लावा. न टाकायच्या ३० क्लिपवर लॅपटॉप तापवायचं कारण नाही.

जागा शोधायचं कामही मशिनला देता येतं

एफएफएमपेगमध्ये ‘सायलेन्सडिटेक्ट’ नावाचा फिल्टर आहे. अमुक डेसिबलच्या खाली आवाज अमुक सेकंद राहिला तर ती शांतता कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे तो लिहून देतो. स्क्रिप्ट त्या वेळा उचलून यादी बनवू शकते. ऑनलाइन क्लासच्या रेकॉर्डिंगमधली लांबलचक शांतता काढायला हे छान चालतं. दृश्य बदललेलं ओळखणारा आणि काळी फ्रेम शोधणारा फिल्टरही आहे.

पण कोणता मुद्दा महत्त्वाचा, हे फिल्टरला कळत नाही. वक्ता भावुक होऊन ४ सेकंद थांबला तर फिल्टरला ती फक्त शांतता वाटते. म्हणून मशिनची यादी कच्ची धरायची आणि माणसाने एकदा नजर टाकायची.

आणि काळ्या खिडकीची भीती जातच नसेल तर लॉसलेसकट नावाचं खुलं ॲप आहे. आतून एफएफएमपेगच, वरून बटणं. कॉपी पद्धतीने कापायला आणि की-फ्रेम कुठे आहेत ते डोळ्यांनी बघायला उत्तम.

यादी जपून ठेवा

हे वेगाइतकंच महत्त्वाचं आहे. एखाद्या भाषणाची ४० सेकंदांची क्लिप व्हायरल होते आणि लगेच आरोप येतो, ‘मागचं-पुढचं कापून टाकलं.’ हाताने कापलेल्या क्लिपचा माग काढणं अवघड असतं. स्क्रिप्टने कापलेल्या प्रत्येक क्लिपची नोंद मात्र यादीत असते: कोणत्या फाइलमधून, कितव्या सेकंदापासून, किती लांबीची. मूळ रेकॉर्डिंग आणि ही यादी जपली असेल तर कुणालाही पूर्ण संदर्भ एका मिनिटात दाखवता येतो. स्थानिक पत्रकारिता करणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे.

आणखी एक. टूल फुकट आहे म्हणून दुसऱ्याचा व्हिडिओ फुकट होत नाही. चित्रपटाचे, मॅचचे किंवा दुसऱ्या चॅनेलचे तुकडे पाडून टाकले तर कॉपीराइटचा दावा येणारच, मग ते ४ सेकंदांत कापलेले असोत की ४ तासांत.

तर पुढच्या वेळी एक्सपोर्ट दाबण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या क्लिपमध्ये मी चित्र बदलतोय की फक्त कापतोय? फक्त कापत असाल तर ‘कॉपी’. बदलत असाल तर वेळ फाइलच्या नावाआधी. आणि काम दोनपेक्षा जास्त वेळा करायचं असेल तर यादी आणि स्क्रिप्ट. एवढं जमलं तर त्या जुन्या लॅपटॉपवरही रात्री झोप मिळेल.